नदीकाठ साफ करायचा म्हणजे नक्की काय काय उचलायचं?

मुळाकाठ:
पुण्यात राम नदी जिथे मुळा नदीला मिळते, त्या औंध-बाणेरच्या टप्प्यात आमचा एक गट रविवारी सकाळी काठ साफ करतो. पंधरा-वीस जण असतो, सुट्टीच्या दिवसांत जास्त. प्लास्टिक, थर्माकोल, निर्माल्याच्या पिशव्या, काचेसकट देवांच्या तसबिरी, गाद्या, काय वाट्टेल ते निघतं.

आता एका कंपनीने मदत देऊ केली आहे. जेसीबी त्यांचा, टी-शर्ट त्यांचे, नाश्ताही त्यांचा. त्यांना दोनशे-तीनशे मीटरचा काठ 'सुशोभित' करून हवा आहे. झुडपं काढायची, उतार सारखा करायचा, दगड बसवायचे, बाकं ठेवायची, शोभेची झाडं लावायची. गटातल्या अर्ध्या लोकांना हे फार आवडलंय.

मला मात्र अजिबात पटत नाहीये. ज्याला हे लोक 'झाडोरा' म्हणतात तिथे पाणकणसात पाणकोंबडीची पिल्लं असतात. पाण्यावर वाकलेल्या बाभळीला सुगरणीची घरटी आहेत. मुंगसाची जोडी आहे. माझं मत स्पष्ट आहे, माणसाने टाकलेलं माणसाने उचलावं आणि नदीचं नदीपाशी राहू द्यावं. पण बैठकीत हे बोलले की "मग काय जंगल ठेवायचं का शहरात?" असं विचारतात. तुमच्याकडे अशी कामं चालतात का? काय ठेवलं, काय काढलं, त्याने काय झालं? अनुभव हवेत.

---

पाणकावळा:
चांगला विषय. वाचतोय.

---

सरळसोट:
ताई, राग मानू नका, पण हे रविवारचं काम म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं आहे. मुळा-मुठेचं खरं दुखणं मैलापाणी. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून ११ शुद्धीकरण प्रकल्प मंजूर झाले, क्षमता रोज ३९.६ कोटी लिटर. ते पूर्ण क्षमतेने चालेपर्यंत तुम्ही कितीही पिशव्या भरा, पाणी काळंच राहणार. स्वयंसेवकांची ताकद पाठपुराव्यात लागायला हवी, कचरा वेचण्यात नाही.

---

मुळाकाठ:
@सरळसोट, राग कसला, पाठपुरावा हवाच. पण कचरा वेचायला जो माणूस चार रविवार येतो, त्यालाच पाचव्या रविवारी कळतं की कोणत्या पाइपातून काय येतंय. न येणाऱ्याला पाइप दिसतच नाही, मग तो पाठपुरावा कशाचा करणार?

---

खडकवासलेकर:
दोघांचंही बरोबर आहे, पण मुळात नदीत नदीचं पाणी आहे कुठे? खडकवासल्याचं धरण १८७९ चं. वर पानशेत, वरसगाव, टेमघर. ते पाणी शहराच्या नळांना आणि कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेतीला जातं. पावसाळा संपला की धरणाखाली मुठेत जे वाहतं ते बहुतांशी आपण वापरून सोडलेलंच. मुळेचंही तेच. मुळशी धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात जातं, म्हणजे पूर्वेला वाहणारी नदी आपण पश्चिमेला वळवली. १९२१ साली सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह केला तो जमिनींसाठी, पण त्या धरणाने नदीचंही काय झालं हे आज औंधच्या पुलावर उभं राहिलं की दिसतं. उन्हाळ्यात चार महिने थोडं तरी स्वच्छ पाणी वरून सोडा, ही मागणी स्वयंसेवी गटांनी लावून धरायला हवी.

---

सरळसोट:
अनुमोदन. पहिल्यांदाच या धाग्यावर कुणीतरी मुळाशी गेलं.

---

पाणकावळा:
मुळा-शी! :)

---

कृष्णाकाठ_सांगली:
आमच्याकडचा अनुभव सांगतो. कृष्णेत औदुंबर-भिलवडी पट्ट्यात मगरी आहेत हे बहुतेकांना माहीत असेल. लोक म्हणतात मगरी वाढल्या. पण काठावरची जुनी माणसं सांगतात की मगरी आधीही होत्या, माणसं आधीही पोहत होती. बदललंय ते काठाचं रूप. वाळू उपशाने पुळणी गेल्या. ऊस आणि वीटभट्ट्या पार पाण्यापर्यंत आल्या. मगर अंडी घालते काठावरच्या मातीत खड्डा करून, साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, आणि पावसाच्या तोंडाला पिल्लं बाहेर येतात. तिला निवांत काठच उरला नाही, तर ती घाटाजवळ येणार नाही तर कुठे जाणार?

आमच्याकडची पोरं उन्हाळ्यात गावोगाव सांगत फिरतात. मगर ज्या बाजूला ऊन खाते तिकडे जाळी लावू नका, तिन्हीसांजेला पाण्यात उतरू नका, मेलेली कोंबडी-शेळी नदीत टाकू नका. शेवटचं ऐकायला सगळ्यात अवघड जातं. पोल्ट्रीवाला गुपचूप पोतं टाकून जातो, मगर तिथे लागते आणि मग बोंब होते. तेव्हा धागाकर्तीला माझं सांगणं, उतार सारखा करू देऊ नका. ओबडधोबड काठ हेच त्यांचं घर.

---

चिपळूणची_आशा:
कृष्णाकाठ दादा, मगरींचं अगदी खरं. आमच्या वाशिष्ठीत आणि शिव नदीतही आहेत. पावसात रस्त्यावर आलेल्या मगरीचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल.

पण मला दुसरी बाजू मांडायची आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत पाणी होतं. त्यानंतर चिपळूणकरांनी उपोषण करून नदीतला गाळ काढायला लावला. तेव्हा कुणी येऊन "बेटांवर मगरी ऊन खातात, बेटं ठेवा" म्हणालं असतं, तर आम्ही त्याला पाणी तरी विचारलं असतं का, शंका आहे. नदीकाठ राखा हे मलाही मान्य आहे. पण ज्याचं घर बुडालंय त्याच्या भीतीला उत्तर दिल्याशिवाय कुणी ऐकणार नाही.

---

मुळाकाठ:
आशाताई, तुमचं म्हणणं डोक्यात ठेवते. पुण्यातही २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्याच्या बाजूला एकतानगरीत पाणी शिरलं. आमच्या गटातल्या एका काकूंच्या बहिणीचं घर तिथेच आहे. त्यांचा मुद्दा हाच, झुडपांनी पाणी अडतं, काढून टाका.

---

वाळुंज:
या मुद्द्यावर थोडं सविस्तर लिहितो, वनस्पतीशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं आहे.

पाणी अडवते ती भर. राडारोडा टाकून काठ आत सरकवला, भिंत बांधून पात्र अरुंद केलं, पुलाच्या खांबांना गाद्या-कपडे अडकले, की पाण्याला जागा उरत नाही आणि ते वर चढतं. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या, आत भराव किती झाला ते आधी मोजा, झुडपांना नंतर धरा.

नदीकाठची मूळ झाडं पुरासाठीच घडलेली आहेत. वाळुंज पाहा, माझं इथलं नावच ते आहे. बारीक लवचीक फांद्या, पूर आला की आडव्या होतात आणि ओसरला की पुन्हा उभ्या. खडकांच्या फटीत वाढणारी शेरणी तशीच. पात्रात अशी लवणारी, काठाच्या उतारावर करंज, आणि त्याच्या वर उंबर, जांभूळ, अर्जुन, अशी उतरंड असते. या मुळांच्या जाळ्याने माती धरून ठेवलेली असते. जेसीबीने ती खरवडली की पहिल्या पुरात काठ ढासळतो आणि तोच गाळ पुढच्या पुलाखाली साठतो. म्हणजे ज्या गाळाला चिपळूण घाबरलं, तो आपण स्वतः तयार करतो.

मात्र सगळं हिरवं ते चांगलं, असंही नाही. सुबाभूळ, घाणेरी, गाजरगवत हे जरूर काढा. हाताने काढा, बी धरायच्या आधी काढा, आणि एका वेळी थोड्या पट्ट्यातच काढा. कोणता पक्षी कुठे बसतो ते पाहून मगच पुढचा पट्टा घ्या.

---

टिटवी:
वाळुंज सरांना +१. सर, उभ्या मातीच्या कड्याबद्दलही लिहा ना. आमच्याकडे 'सपाटीकरण' झालं आणि कवड्या खंड्या दिसेनासा झाला.

---

वाळुंज:
टिटवीताई, ते तुम्हीच लिहा. पक्ष्यांतलं तुम्हाला जास्त कळतं.

---

टिटवी:
बरं, लिहिते.

कवड्या खंड्या, म्हणजे काळा-पांढरा, पाण्यावर एका जागी फडफडत थांबून सूर मारणारा, आणि वेडा राघू हे दोघंही झाडावर घरटं करत नाहीत. काठाच्या उभ्या मातीत चोचीने आडवं बीळ कोरतात. बिळाचं तोंड मुठीएवढं, आत हातभर किंवा त्याहून लांब बोगदा, आणि टोकाला अंड्यांची खोली. फेब्रुवारी ते मे हा त्यांचा काळ. वापरात असलेलं बीळ ओळखायचं कसं? तोंडाखाली ताजी भुसभुशीत माती पडलेली असते आणि पायांनी घासून दोन बारीक चर उठलेले असतात. हे चर एकदा बघायला शिकलात की तुम्ही त्या काठावर कुणाला कुदळ लावू देणार नाही.

टिटवी आणि नदी सुरय तर उघड्या गोट्यांवर, वाळूवर अंडी घालतात. स्वच्छतेला आलेले पन्नास जण गप्पा मारत त्यावरून चालत जातात आणि कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून मार्च ते जून पात्रात मोठी गर्दी नेऊच नये. त्या काळात पुलाजवळ, नाल्याच्या तोंडाशी कचरा काढावा. मोठी मोहीम ऑक्टोबरनंतर. पूर ओसरलेला असतो, सगळं प्लास्टिक फांद्यांना लटकलेलं दिसतं, घरटी नसतात.

फोटो काढणाऱ्यांनाही एक विनंती. पुण्याच्या खालच्या अंगाला कवडीपाटला चक्रवाक (बदकं) आले की लोक कॅमेरे घेऊन बंधाऱ्यावर झुंबड करतात. आलातच तर जाताना एक पिशवी कचरा न्या.

---

मांजरी_बुद्रुक:
कवडीपाटचं नाव काढलंत म्हणून आलो. पुण्याचं सगळं प्लास्टिक त्या बंधाऱ्याला येऊन अडकतं. शहराने टाकायचं आणि खालच्या गावांनी पाहायचं. पक्षी मात्र येतात अजून, शेकाट्या तर हाताच्या अंतरावर चरतात. कसे जगतात देव जाणे.

---

सोसायटी_सचिव:
सगळ्यांचं वाचलं. आता आमचंही ऐका. आमची इमारत नाल्याला लागून आहे. गेल्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये घोणस निघाली. लहान मुलं खेळतात तिथे. झुडपं काढा म्हणणारे सगळे निसर्गाचे वैरी नसतात हो.

---

कृष्णाकाठ_सांगली:
सचिव साहेब, घोणशीची भीती रास्त आहे, तिच्याशी खेळ नाही. पण साप येतो उंदरामागे आणि उंदीर येतो उष्ट्यामागे. नाल्याच्या कडेला हॉटेलचं खरकटं पडतंय का बघा आधी.

---

टिटवी:
आणि एक सोपा मार्ग. इमारतीच्या भिंतीपासून पाच-सहा मीटर पट्टा गवत कापून मोकळा ठेवा, तिथे दिवा लावा, विटांचे-फरशांचे ढीग हलवा. त्याच्या पलीकडचा काठ जसा आहे तसा सोडा. जवळच्या सर्पमित्राचा नंबर जिन्यात लावून ठेवा. नदीत दिसणारा बहुतेक साप विरोळा असतो. चिडका आहे, चावतो, पण बिनविषारी. त्याला उगीच मारतात.

---

सोसायटी_सचिव:
पाच मीटरचा पट्टा जमेल. खरकट्याचं विचारतो, समोरच एक खाऊगल्ली आहे.

---

लिंबू_साल:
घरून करता येण्यासारखंही काही सांगा की. मी लिंबू-मोसंबीच्या सालींचं बायोएन्झाइम करते, १ भाग गूळ, ३ भाग साली, १० भाग पाणी. तीन महिने बरणीत ठेवायचं, सुरुवातीला रोज झाकण सैल करायचं, नाहीतर बरणी फुटते. फरशी, भांडी, संडास सगळं त्यावर. पुण्यात 'जीवितनदी' संस्थेची मंडळी नदीकाठ दत्तक घेण्याबरोबर हेही शिकवतात, मी तिथूनच शिकले. आपल्या मोरीतून जे जातं तेच नदीत जातं.

---

पाणकावळा:
लिंबूताई, आमच्याकडे झाकण सैल करायचं राहिलं आणि स्वयंपाकघराच्या छताला आंबट वास अजून आहे. तरी दुसरी बरणी लावली आहे.

---

वाट_यॉर्कशायरची:
इंग्लंडमधून लिहितोय, लीड्सजवळ राहतो. सरळसोट यांनी पाठपुराव्याचं म्हटलं म्हणून इथलं एक उदाहरण. जवळच इल्कली नावाचं गाव आहे, वॉर्फ नदीवर. मैलापाणी सरळ नदीत येतं म्हणून गावकऱ्यांनी स्वतः पाण्याचे नमुने तपासून घेतले. मग त्यांनी मागणी केली की नदीच्या या टप्प्याला 'आंघोळीचं पाणी' असा कायदेशीर दर्जा द्या. डिसेंबर २०२० मध्ये तो मिळाला, देशातली अशी पहिली नदी. त्यानंतर सरकारी यंत्रणेला तिथे दर उन्हाळ्यात पाणी तपासणं भागच पडलं. तपासणीत प्रत 'खराब' आली, पण आता ते सरकारच्याच कागदावर आहे, कुणाला नाकारता येत नाही.

दुसरं, इथले गळ टाकून मासे धरणारे लोक महिन्यातून एकदा पाण्यातले किडे मोजतात. तीन मिनिटं पायाने तळ ढवळायचा, प्रवाहाच्या खालच्या बाजूला जाळी धरायची, मग ठरावीक आठ गटांतले किडे मोजायचे. आकडा अचानक पडला की समजायचं वर काहीतरी सोडलंय, आणि लगेच कळवायचं. हे औंधला का होऊ नये?

---

जलचर:
औंधला होऊ शकतं, आणि मी तेच करत आलोय, फक्त वरच्या टप्प्यात. राम नदी उगमाकडे भुकूमच्या बाजूला पाहिली तर पावसानंतर तळ दिसतो. तिथला एखादा बुडालेला दगड हळूच उलटा करा. खालच्या बाजूला नखाएवढं चपटं पिल्लू चिकटलेलं दिसेल, पोटाच्या कडेने पिसासारखे कल्ले हलताहेत, शेपटीला दोन-तीन केसासारखे धागे. ही मेफ्लायची पिल्लं. पाण्यात प्राणवायू भरपूर असला तरच ही टिकतात. पाषाण गाव ओलांडून खाली आलात की तोच दगड उलटा केल्यावर काळा गाळ आणि लाल अळ्या. त्या लाल असतात कारण प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात जगायला त्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असतं. शाळेतल्या मुलांना हे दोन दगड दाखवले की प्रदूषणावर भाषण द्यावं लागत नाही.

कागदासाठी मात्र आकडे लागतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषात आंघोळीच्या पाण्याला विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जंतू जितका प्राणवायू वापरतात तो) जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम. प्राणवायू मोजायचा साधा संच मिळतो, कॉलेजची पोरं सहज करतात. दर महिन्याला त्याच जागी, त्याच वेळेला मोजा आणि वही ठेवा. भर उन्हाळ्यात पाऊस नसताना ज्या पाइपातून पाणी येतं ते पावसाचं नव्हे, हे सिद्ध करायला तारीख-वेळ-ठिकाणासकट फोटो पुरतो. राष्ट्रीय हरित लवादाचं, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाचं, पश्चिम खंडपीठ पुण्यातच आहे. अशी वही नसली तर तिथे बोलून उपयोग नाही.

---

सरळसोट:
हे मला पटलं. वहीचं काम करायला मी येतो. कचरा उचलायला सांगू नका, कंबर साथ देत नाही.

---

मुळाकाठ:
या! वही सांभाळणारं माणूसच आमच्याकडे नाही.

---

दाभोळकर_नव्हे:
अवांतर: आमच्या इथे एका मंडळाने वर्धापनदिनाला नदीत मासे आणि कासवं 'सोडली'. हे चांगलं की वाईट?

---

जलचर:
वाईट. अवांतर नाही हे, महत्त्वाचं आहे. दुकानातली लाल पट्ट्याची कासवं अमेरिकेतली, ती आपल्या कासवांचं अन्न आणि जागा बळकावतात. चिलापी, गप्पी, काचपेटीतला सकर मासा, सगळे असेच सुटून नद्यांत पसरले. नदीत मासे हवे असतील तर पाणी सुधारा आणि धरणाच्या वरच्या भागातून त्यांना खाली यायला वाट द्या, ते आपसूक येतात. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड बघा. वरदायिनी देवीचे मासे म्हणून डोहात कुणी गळ टाकत नाही. महसीर हातातून खातात. तिथे कुणी मासे आणून सोडले नाहीत, फक्त मारले नाहीत.

---

भोईवाडा:
आम्ही पिढ्यान्‌पिढ्या नदीवरची माणसं. आजोबा मरळ, वाम धरायचे मुठेत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा होड्या घेऊन माणसं काढणारे आमचेच. आज नदीसाठी बैठक होते तेव्हा आम्हाला कुणी बोलावत नाही. डोह कुठे, झरा कुठे, कपारीत पाणी कुठून येतं, हे आमच्या म्हाताऱ्यांना अजून पाठ आहे. विठ्ठलवाडीला नदीत जिवंत झरे आहेत, माहितीये का कुणाला? काँक्रीट ओतलं की तेही बंद.

---

मुळाकाठ:
दादा, तुम्ही येता का पुढच्या बैठकीला? मनापासून विचारतेय. घरातली मोठी माणसं आली तर फारच बरं. झऱ्यांचा नकाशा आमच्याकडे कुणालाच करता येणार नाही.

---

भोईवाडा:
काकांना विचारतो. येतील. चालवत नाही, गाडीची सोय करा.

---

वाळुंज:
भोईवाडा यांचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वात मोलाचा. एप्रिल २०२३ मध्ये पुण्यात नदीकाठच्या झाडांसाठी चिपको मोर्चा निघाला, हजारो लोक आले. त्यात तरुण पुष्कळ होते हे पाहून बरं वाटलं. पण काठाची खरी माहिती असलेली माणसं अशीच बाहेर राहतात.

---

कापडचोपड:
हाताने काम करणाऱ्यांसाठी एक सूचना, कारण यावर कुणी बोललं नाही. उंबराच्या, करंजाच्या उघड्या मुळांत साड्या, पोती, गोधड्या इतक्या गुंतलेल्या असतात की चार जण मिळून ओढतात. ओढू नका! मूळ तुटतं आणि सोबत मातीचा लगदा येतो. शिंप्याची जुनी मोठी कात्री किंवा विळा घ्या, जितकं बाहेर दिसतं तितकंच कापून काढा. मातीत गाडलेलं राहू द्या, पुढच्या पुरात सैल होतं, मग काढा. झाडावरचा मांजा मात्र दिसला की त्याच दिवशी उतरवा, त्यात अडकून रात्रढोकरी मेलेल्या पाहिल्यात मी. जाड हातमोजे, पायात गमबूट, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन सगळ्यांनी घेतलेलं असावं. काचा आणि सुया फार निघतात.

---

चिपळूणची_आशा:
कात्रीचं अगदी बरोबर. आणि वाळुंज सर, गाळ आणि ढासळणाऱ्या काठाचं तुम्ही लिहिलंत ते आमच्या समितीतल्या लोकांना पाठवलंय. आमच्याकडे वरच्या डोंगरावर झाडतोड होते त्याचा गाळ जास्त, पण तत्त्व तेच.

---

मुळाकाठ:
कालच्या बैठकीचं सांगते. कंपनीच्या लोकांना काठावरच नेलं. टिटवीताईंनी लिहिलेले ते दोन चर असलेलं बीळ दाखवलं, आत पिल्लांचा आवाज येत होता. त्यांच्या अधिकारी बाई बराच वेळ तिथे उभ्या होत्या. जेसीबी रद्द झाला. बाकं काठाच्या वर, रस्त्याच्या बाजूला बसतील. उतार आणि दगडांचं काम नाही. त्यांच्या पैशातून प्राणवायू मोजायचे संच, हातमोजे आणि माहितीचा एक फलक. सगळे खूश आहेत असं नाही, दोन जण गट सोडून गेले. मला ते चाललं.

शोभेच्या झाडांऐवजी वाळुंज, करंज, उंबर लावायचं ठरलं. सर, रोपं कुठून आणि कधी? जूनमध्ये लावू का?

---

वाळुंज:
जूनमध्ये उतारावर लावाल तर जुलैमध्ये धरणातून पहिलं पाणी सोडलं की वाहून जातील. पूर उतरला की ऑक्टोबरमध्ये लावा, ओल असते, पुढच्या पावसापर्यंत मुळं धरतात. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी घालणारी माणसं आधी ठरवा, मग झाडांची संख्या ठरवा. वाळुंजाची रोपं विकत घ्यायची गरज नाही. अंगठ्याएवढ्या जाड, हातभर लांब फांद्या तिरक्या कापून ओल्या मातीत अर्ध्या खोचल्या की फुटतात. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात झाडाखाली पडलेल्या मिळतात, जवळच्याच काठावरच्या गोळा करा. उंबराच्या फांद्याही लागतात, पण सगळ्या जगतीलच असं नाही, दुप्पट लावा. मी ऑक्टोबरमध्ये येतो, कात्री घेऊन.

---

भोईवाडा:
काका रविवारी येतायत. सात वाजता पुलाखाली गाडी पाठवा.